एका साडीतल्या दोघी

“साडी माझी आहे, पहिले मीच नेसीन,” अंजना म्हणाली आणि आरशासमोर निऱ्या चापून बसवू लागली.

तिची वहिनी जयवंता मागे लुगड्याचा पदर सारखा करत होती. मुलाखत दोघींची एकाच दिवशी, एकाच सरकारी ऑफिसात. जागा एकच, टायपिस्टची. आणि घरात धड साडीही एकच. एकीचं झालं की दुसरीने तीच नेसून आत जायचं, असं ठरलं होतं.

साडी अंजनानेच नागपूरच्या इतवारी बाजारातून निवडून आणली होती. गडद निळी, सुती, बोटभर पांढऱ्या काठाची. दुकानदाराने फुलाफुलांच्या साड्यांचा ढीग उलगडला, पण हिने ढुंकून पाहिलं नाही. “साहेबासमोर बसाचं आहे, लग्नात नाही,” म्हणाली. घरी आणून तिला खळ दिली, कडक इस्त्री केली. जयवंताला हात लावू दिला नाही.

नणंद तशी पहिल्यापासून तुटक. भाऊ, म्हणजे जयवंताचा नवरा, वारल्यावर तर ती वहिनीशी कामापुरतंच बोले. कामठीच्या त्या घरात मागावर बसणारा आता एकटा सासरा, लहानू गजभिये, आणि त्याचाही दमा वाढलेला. नोकरी लागली तर जयवंता इथेच राहणार, नाहीतर तिने भंडाऱ्याला माहेरी, आपल्या भावाकडे जायचं, असं त्याने मान खाली घालून सांगितलं होतं. भावाच्या घरी ती बिनपगारी मोलकरीण होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

टायपिंग दोघी एकत्रच शिकल्या. पण अंजनाची बोटं मशीनवर अशी चालत, की मास्तर बाकीच्यांना थांबवून ऐकायला लावीत. जयवंता फारशी आशा धरून नव्हती.

बसमध्ये जागा असूनही अंजना नागपूर येईपर्यंत उभी राहिली. साडी चुरगळू नये म्हणून. ‘किती जपते स्वतःला,’ जयवंताच्या मनात आलं.

ऑफिसात बाकीच्या मुलींच्या मुलाखती होऊन गेल्या होत्या. या दोघीच उरल्या. शिपायाने नाव पुकारलं, “जयवंता गजभिये!”

जयवंता आपल्या विटक्या लुगड्यात गडबडून उठली. अंजनाने तिचा दंड धरून खाली बसवलं.

“हिची तयारी व्हायची आहे, भाऊ. मी जाते पहिले.”

आणि गेलीसुद्धा. बाहेर पंख्याच्या घरघरीत आतलं काही ऐकू येत नव्हतं. जयवंता डोळ्यांतलं पाणी परतवत बसून राहिली.

अंजना बाहेर आली ती हसत. बायकांच्या खोलीत जाऊन तिने साडी सोडली आणि वहिनीला नेसवता नेसवता तिची बढाई सुरू झाली.

“मले विचारलं, हेडक्लार्क रजेवर गेला अन् घाईचं पत्र निघालं तर काय करशील? मी ताडकन सांगितलं, जुनी नक्कल काढीन, मसुदा करीन, सहीले साहेबासमोर ठेवीन. मग म्हणते, घरचं कोण पाहीन? म्हटलं, घरी माणसं आहेत, इथलं मी पाहीन. साहेब खूश! जागा मलेच भेटते, पाहून घे.”

जयवंता मागे सरली. “मग मी काहून जाऊ आत?”

“आली आहेस तर जा. मान वर ठेव. पदराशी खेळू नको वं सारखी.” खांद्यावरची पिन तिने दाबून लावली. “अन् सावकाश बोल.”

आत तीन अधिकारी होते. त्यांनी विचारलं ते सगळं अंजनाने सांगितलेलंच. जयवंताजवळ दुसरी उत्तरं नव्हती. तिने नणंदेचीच उत्तरं दिली, सावकाश, मान वर ठेवून. खळीच्या त्या कडक साडीत तिला पाठ वाकवताच येत नव्हती. टायपिंगमध्ये एकच चूक निघाली.

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. “सोमवारपासून या.”

जयवंताला क्षणभर उमगलंच नाही. मग ती भीत भीत म्हणाली, “साहेब, पण माझी नणंद? अंजना गजभिये? ती तर माझ्याहून किती हुशार आहे.”

“आत्ता येऊन गेल्या त्या?” साहेब नवलाने म्हणाले. “त्यांनी तर मशीनला हात लावला नाही, की एका प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. आमचेच प्रश्न तेवढे पुन्हा पुन्हा विचारून घेतले.”