दोन गाड्यांचं रडार

"दस्तगीर, तुला शपथ हाय. त्या दिवशी हे यंत्र खोटं वाजलं का खरं, एवढं सांग मला." रुद्रय्या ट्रकच्या मागं जाऊन उभे राहिले. त्यांचा धाकटा पोरगा, महांतेश, तिथंच चाकाखाली गेला होता.

दस्तगीर मिस्त्रीनं त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं. मागं काही आडवं आलं की केबिनमध्ये टी-टी वाजणारं ते रिव्हर्सचं रडार त्यानंच बसवलं होतं. दोन्ही भावांच्या गाड्यांना, एकेक करून तपासून.

ट्रक चालवत होता थोरला, शिवकुमार. पोलिसांना त्यानं सांगितलं, "वाजलं. पण मी थांबलो न्हाय." पुढं चकार शब्द नाही. त्याच आठवड्यात बेळगावच्या फेरीवरून भावाभावांची बाचाबाची झालेली. मार्केट यार्डात कुजबुज सुरू व्हायला एवढं पुरलं. लोकांचं सोडा, ती कुजबुज बापाच्याही मनात शिरली. तेव्हापासून रुद्रय्या थोरल्याशी बोलले नव्हते. एक पोरगा गेला होता, दुसरा असून नसल्यासारखा झाला होता.

"दोन्ही गाड्या चालू करूया," दस्तगीर म्हणाला. "रोज सांजचं लावायचे तशाच."

रोज सांजेला दोघं भाऊ शेजारी-शेजारी, एकदमच गाड्या शेडात मागं घ्यायचे. त्या दिवशी महांतेशनं आपली आधी आत घातली आणि भावाच्या चाकामागं दगड लावायला तो खाली उतरला. अंधारून आलं होतं, शेजारच्या केबिनमधलंही दिसत नव्हतं.

शिवकुमार आपल्या केबिनमध्ये चढला. महांतेशच्या गाडीत दस्तगीर बसला. दोघांनी रिव्हर्स टाकला. मागं चिटपाखरू नव्हतं, तरी दोन्ही रडारं बोंबलायला लागली. दस्तगीरनं आपली गाडी बंद केली, तसं शिवकुमारचं रडारही गप्प झालं.

"बघितलासा, आप्पा?" दस्तगीर खिडकीतनं ओरडला. "दोन्ही एकाच जातीची. ह्यानं सोडलेला, आपल्याला ऐकू न येणारा आवाज माघारी आला की हे वाजतंय. पण शेजारच्याचा आवाजबी ह्याला आपलाच वाटतोय. एक येगळ्या जातीचं घेतलं आसतासा तर ही कटकट न्हवती. पोरांनीबी कधी सांगितलं न्हाय मला."

दोघांना सगळं सारखं, हा रुद्रय्यांचा जन्माचा हट्ट. दिवाळीचे शर्ट एका ताग्यातले, गाड्या एका दिवशी घेतलेल्या. दुकानदारानं दोन वेगवेगळी रडारं पुढं केली, तेव्हा तेच अडून बसले होते: सारखीच दे, पोरांत डावं-उजवं नको. आता त्या हट्टाची त्यांना शिसारी आली.

दस्तगीरनं गाडी पुन्हा चालू करून रिव्हर्स टाकला. पुन्हा टी-टी सुरू झालं. रुद्रय्या शिवकुमारकडं बघत होते. त्यानं मागं बघितलं नाही, आरशातही बघितलं नाही. त्याची मान शेजारच्या केबिनकडं वळली आणि हात अर्धा वर गेला. तिकडं दस्तगीरची पांढरी दाढी दिसली, तसा हात खाली आला.

"वाजल्यावर मागं न बघता तिकडं का बघितलास?" रुद्रय्यांनी विचारलं. महांतेश गेल्यापासून ते थोरल्याशी पहिल्यांदाच बोलत होते.

शिवकुमारनं स्टिअरिंग सोडलं नाही.

"रोज बघतोय तसं बघितलं. त्या दिवशी वाजलं म्हणून तर मी निर्धास्त गाडी मागं घेतली," तो म्हणाला. "वाजलं की महांतेश बाजूच्या गाडीतच आसतोय की, आप्पा."