धुराचं धुणं

टॉवरच्या खालच्या दारातून फेस पुन्हा बाहेर आला आणि पायऱ्यांवरून ओघळत थेट मॅनेजरसाहेबांच्या बुटांपर्यंत पोचला.

"बाई, अख्ख्या शहराचं गटार माझ्या पायाशी आणून ठेवलंत," साहेब म्हणाले.

"शुद्ध केलेलं सांडपाणी आहे, साहेब."

"फेसाला ते कोणी सांगितलेलं दिसत नाही. सरकारी तपासणी तोंडावर आलीय. तोवर हा टॉवर चालला पाहिजे. का, ते विचारू नका."

तिने विचारलं नाही. वीजकेंद्राच्या प्रयोगशाळेत ती रसायनं तपासायची. कोळशाच्या धुरातला गंधकाचा वायू काढायचा, तर धूर टॉवरमधून नेऊन चुनखडी कालवलेल्या पाण्याच्या फवाऱ्याने धुवावा लागतो. पण पाणी आणायचं कुठून? नदी आटलेली, लोकांना प्यायलाच पुरेना. शहराचं सांडपाणी शुद्ध करून नाल्यात सोडतात, ते आपण घेऊ, असं तीच म्हणाली होती. तेव्हा सगळे पोट धरून हसले. दुसरा मार्ग उरला नाही तेव्हा हसायचे थांबले. पाइप आला, पाणी आलं, आणि फवारा सुरू होताच घराघरातला साबण टॉवरमध्ये फसफसू लागला. कामगारांनी तिचं नाव ठेवलं फेसवाली.

घर धुराड्याच्या सावलीतच होतं. घरात तिघं. ती, तिचे बाबा आणि तिची मुलगी. मुलीला सगळे चिमणी म्हणत. त्यामुळे वस्तीत दोन चिमण्या होत्या. एक धूर सोडायची आणि दुसरी खोकायची.

त्या संध्याकाळी ती आली तेव्हा चिमणी उशांच्या उतरंडीला टेकून बसली होती. आडवं झालं की तिला धाप लागायची. बाबा तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. त्यांचं आयुष्य याच केंद्राच्या बॉयलरवर गेलं होतं, आणि बायको याच वस्तीत खोकून खोकून गेली होती. स्वतःच्या खोकल्यासाठी छातीच्या दवाखान्यात जातो म्हणून दर आठवड्याला ते मोठ्या शहराची बस पकडायचे. तिने मी सोबत येते म्हटलं की उखडायचे, "मी काय कुकुलं बाळ आहे?"

"आज काय म्हणाले डॉक्टर?" तिने विचारलं.

"थांबा म्हणाले. तुझं?"

"फेस. नाकी नऊ आणलेत त्याने."

बाबांनी मान हलवली. "समज, धुतलास तू धूर. आणि राख? ती कोण धुणार?" त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं. सकाळीच पुसलेल्या कट्ट्यावर करडी रेघ उमटली.

"एका वेळी एक, बाबा. निदान हिच्या घशाची आग तरी थांबेल."

बाबांनी बोटावरची राख झटकली.

तपासणी जवळ येत गेली तसं तिने सगळं करून पाहिलं. फेस मारायचं औषध घातलं, तर चुनखडी नीट विरघळेना. फवारा कमी केला, तर धूर तसाच वर जाई. एके दिवशी ती घरी आली आणि चपलाही न काढता भिंतीला टेकून खाली बसली.

"हात टेकले बाबा मी. उद्या सांगून टाकते साहेबांना, नाही जमत. सांगू?"

बाबा चिमणीकडे बघत राहिले. पोरीची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं.

"मला काय विचारतेस," शेवटी ते म्हणाले. "तुझं मन काय म्हणतं?"

"मन म्हणतं, अजून एकदा."

"मग कर." एवढं बोलून ते उठले आणि अंगणात जाऊन पाठमोरे उभे राहिले.

तिने ते अजून एकदा केलं. टॉवरमागे एक जुनी टाकी रिकामी पडली होती. सांडपाणी आधी त्या टाकीत घेतलं, खालून जोरात हवा सोडली. जो काही फेस यायचा तो तिथेच आला, आणि माणसं लावून तिने तो वरून काढून टाकला. उरलेलं पाणी टॉवरमध्ये शहाण्यासारखं वागलं.

तपासणीच्या दिवशी धुराड्यातून पांढरी वाफ निघाली. वायूचा आकडा मर्यादेच्या पुष्कळ खाली आला. साहेबांनी सगळ्यांसमोर तिचा हात हातात घेतला. "बाई, आता वर्षानुवर्षं बघायला नको! बंद ठेवलेला दुसरा बॉयलरही सुरू करतोय. दुप्पट वीज!"

दुप्पट राख, तिच्या मनात आलं. पण टाळ्या चालू होत्या.

निरीक्षक बाई गाडीतला शिक्का आणायला गेल्या आणि परत आल्या. प्रयोगशाळेत आता दोघीच होत्या. कागदावर शिक्का उमटवून बाई खुर्चीत टेकल्या.

"तुम्हाला सांगायला आता हरकत नाही. आज आकडा वर गेला असता, तर उद्या हे केंद्र कायमचं बंद करायचा हुकूम होता कोर्टाचा. तुमच्या साहेबांनी दाबून ठेवला होता."

"कोर्टाचा? खटला कोणी घातला?"

"तुमच्या वस्तीतलाच एक म्हातारा. पूर्वी बॉयलरवर होता म्हणे. दर आठवड्याला तारखेला यायचा, बाकावर खोकत बसायचा. मघाशी फाटकाशी उभा होता. आकडा विचारला, मी सांगितला. 'जमवलं पोरीने,' एवढंच म्हणाला. हसला की रडला, मला काही कळलं नाही."