सगळ्यात फास्ट मेमरी

"यातली सगळ्यात फास्ट कोणती?" दीनानाथांनी काउंटरच्या काचेवर बोट टेकवून पुन्हा विचारलं.

काचेखाली कॉम्प्युटरच्या मेमरीच्या पट्ट्या ओळीनं मांडल्या होत्या. एकीला लाल दिवे, दुसरीवर मोठाले आकडे. दीनानाथांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पाटबंधारे खात्यात त्यांचा जन्म गेला, पण घरच्या कॉम्प्युटरचं काही अडलं की ते मुलाला, साकेतला हाक मारत. आज मात्र त्याला न सांगताच आले होते. सकाळी तो अभ्यासिकेत गेला, तसं त्यांनी मशीनचं झाकण काढलं, जुनी पट्टी उपसली, रुमालात गुंडाळली आणि भर उन्हात पायी दत्त चौक गाठला.

साकेत इंजिनिअर झाला आणि तेव्हापासून राज्यसेवेची परीक्षा देत होता. दरवेळी थोडक्यात हुकायची. घरात आता त्याबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नसे. त्याची आई शुभदाताई मुकाट्यानं वाढत, साकेत मान खाली घालून जेवे, दीनानाथ वाचलेलाच पेपर पुन्हा उलटत बसत. 'हो', 'नाही', 'बघतो', यापलीकडे पोराचा शब्द कानावर पडत नसे. परवा ऑनलाइन सराव परीक्षा चालू असताना मशीन मध्येच अडकलं. साकेत थिजलेल्या पडद्याकडे नुसता बघत बसला. चिडलासुद्धा नाही. ते दीनानाथांना सोसवलं नाही. बाकी काही आपल्या हातात उरलेलं नाही, निदान मशीन तरी पळतं करावं, असं त्यांनी मनाशी घेतलं.

"फास्टचं सोडा काकाजी, तुमच्या मशीनले कोणती चालते ते पाहा लागते," दुकानदार धम्मरत्न म्हणाला. त्यानं रुमालातली पट्टी उलटसुलट करून पाहिली. "ही जुनी हाये. थांबा, आपल्या भाऊले विचारतो. त्याइच्याबिगर या दुकानाचं पान हालत नाही."

त्यानं फोन लावला आणि स्पीकर चालू करून काउंटरवर ठेवला.

"बोल धम्मा," पलीकडून आवाज आला. "लोहाऱ्यात आहे मी, एमआयडीसीत. एका ऑफिसातली सगळी मशीनं उघडून बसलोय. पण तू बोल."

दीनानाथांचं बोट काचेवरच राहिलं. तो आवाज साकेतचा होता.

आधी त्यांच्या मस्तकात तिडीक गेली. अभ्यासिका! रोज आई पहाटे उठून डबा करून देते, तो यासाठी? त्यांनी ओरडायला तोंड उघडलं. पण आवाजात काहीतरी होतं. मोकळा, हसरा, आपल्या कामात रमलेल्या माणसाचा आवाज. हा असा बोलू शकतो, हेच ते विसरून गेले होते. त्यांनी तोंड मिटलं.

"एक काकाजी आले हायेत," धम्मरत्न सांगत होता. "सगळ्यात फास्ट मेमरी पायजे म्हणतात. मशीन जुनं हाये, डीडीआर थ्रीवालं."

"मग नवी फास्टवाली त्या खाचेत बसणारच नाही. काकांना उगाच खर्चात पाडू नकोस. आहे त्याच जातीची अजून एक जोडून दे. मशीन काही पळायला लागणार नाही, पण दम टाकत बसणार नाही. करतात काय ते त्याच्यावर?"

धम्मरत्ननं दीनानाथांकडे पाहिलं.

"मुलाची परीक्षा," दीनानाथ पुटपुटले. धम्मरत्ननं तेच फोनवर सांगितलं.

मग साकेत बोलला, पण आता तो घरातला, थकलेला आवाज होता.

"धम्मा, काकांना म्हणावं, घ्या. पण मुद्दाम तुझ्यासाठी घेतली, असं मुलाला सांगू नका. आपल्यापायी घरचे किती करतात हे दिसलं की पेपर आणखी जड जातो."

फोन बंद झाला.

"लई गुणी माणूस," धम्मरत्न म्हणाला. "दुकानात भागीदार व्हा म्हणून कधीचा मांगं लागून राह्यलो. त्याइलेही मनातून पायजे हाये. पण घरी विचाराची हिंमत होत नाही म्हणतात. वडिलाइनं लई आस लावून ठेवली हाये म्हणे."

दीनानाथ शेजारच्या स्टुलावर बसले. आपण किती दमलो आहोत, हे त्यांना बसल्यावर कळलं. मला अधिकारी व्हायचंय, असं साकेत कधी म्हणाला होता, ते त्यांनी आठवून पाहिलं. जेवताना, गाडीवर, पाहुण्यांसमोर, सगळे प्रसंग एकेक करून डोळ्यांपुढून गेले. प्रत्येक वेळी बोलणारे ते स्वतःच होते. साकेत शेजारी उभा असायचा.

"मंग, देऊ का त्याच जातीची?" धम्मरत्ननं विचारलं.

"राहू द्या," दीनानाथ म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "तुमच्या भाऊंना परत फोन लावा. म्हणावं, घरून परवानगी आहे."

धम्मरत्न बघतच राहिला. "काकाजी, तुमी ओळखता त्याइले?"

"आत्ताच ओळख झाली," दीनानाथ म्हणाले.