हातावरची गोळी

"आकडा जागेवरच आहे!" डॉक्टरीणबाई रिपोर्टवरून नजर वर करत म्हणाल्या. "सहा महिन्यांपूर्वी नुसती घसरगुंडी चालली होती. आता किडन्या तग धरून आहेत. डायलिसिसचं नाव सध्या काढायचं नाही. ती साखरेची गोळी लागू पडली बरं का!"

घड्याळजी दचकले. "साखरेची? मला कुठे साखर आहे?"

"नसू दे की. गोळी निघाली मधुमेहासाठीच. ती किडन्यांनाही जपते, हे नंतर कळलं. साखर नसली तरी. तुम्ही तेव्हा रक्त द्यायला गेला होतात, म्हणून यांना सांगितलं होतं."

शेजारी बसलेल्या बायकोने जीभ चावली. घरी सांगायचं राहूनच गेलं होतं.

घड्याळजींना घाम फुटला. डोळ्याला भिंग लावून चाळीस वर्षं काढलेला माणूस. तिळाएवढे दोन स्क्रू त्यांना वेगळे ओळखू यायचे, तिथे गोळी काय सुटणार? सकाळी बायको शिवणवर्गाला गेली की ते आपल्या औषधांची डबी उघडायचे. त्यात रोज तिचीच साखरेची पिवळी गोळी! डबी भरायची तीच. म्हणजे हिचं विसरणं सुरू झालं. हिची आई तर शेवटी लेकीलाही ओळखत नव्हती. बोलायचं कसं? बिचारी खचून जाईल. मग ते गुपचूप ती गोळी तिच्या बाटलीत परत टाकायचे आणि दुपारी अगदी सहज विचारायचे, "अगं, साखरेची गोळी घेतलीस ना?"

"डॉक्टर, मी त्यातली एकही घेतलेली नाही," घड्याळजी म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं. "वाटलं, ही विसरायला लागली. हिला दुखवायचं नव्हतं हो."

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पुन्हा उचलला. वरचं नाव वाचलं. "मग हा आकडा थांबला कसा?"

बायकोला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले. "आणि मला वाटलं, यांचंच डोकं चालेनासं झालं! माझ्या बाटलीतल्या गोळ्या सरेचनात. वर रोज तोच प्रश्न! म्हटलं, गोळी कुठे टाकायची तेही कळेना यांना. पण तोंडावर म्हटलं असतं तर दोन दिवस जेवले नसते." तिने त्यांचा हात हातात घेतला. "मग काय, रोज एक बाटलीतून काढायची आणि संध्याकाळच्या औषधांबरोबर यांच्या हातावर ठेवायची. तेव्हापासून एकही चुकली नाही."

"आणि मला दिसली नाही? मला?"

"माझ्या हातचं तुम्ही कधी बघून घेतलंय का हो?"