आसनावरचं वजन

पार्किंगची तिसरी नोटीस आली तेव्हा हेमांगी चिडली. आपोआप चालणाऱ्या गाडीत कोण बसलं होतं ते कळवा, नाहीतर जबाबदारी मालकाची, असं नोटिशीत लिहिलं होतं. गाडी हेमांगीच्या नावावर होती.

"अण्णा, दर मंगळवारी आपली गाडी कर्करोग रुग्णालयाच्या वाहनतळावर तीन तास उभी असते म्हणे. तुम्ही तर तेव्हा पत्ते खेळायला जाता ना?"

"गाडी आहे ती, चुकली असेल. माझे विद्यार्थी नाही का चुकायचे?" वडील हसले आणि स्वेटर ओढून घेत उठले.

हेमांगी तक्रार लिहायला बसली. गाडी प्रवाशाचं नाव सांगत नसे, आसनावरचं वजन तेवढं सांगे. पहिल्या नोटिशीत एकसष्ट किलो होतं, दुसरीत अठ्ठावन्न, तिसरीत चौपन्न. तिन्हींवर एकच शेरा होता: प्रवासी खाली उतरला नाही.

तिने तक्रार पुसून टाकली.

पुढच्या मंगळवारी ती आधीच गाडीत जाऊन बसली. अण्णा तिच्या शेजारी येऊन बसले. गाडी नेहमीच्या जागी थांबली. रुग्णालयाचं दार वीस पावलांवर होतं.

"आत गेलं की ते सांगतील गं," अण्णा पट्टा घट्ट धरून म्हणाले. "अजून कुणी सांगितलेलं नाही."

हेमांगी उतरली, वळसा घालून त्यांच्या दाराशी आली आणि तिने हात पुढे केला.

"इथे उभी राहू नकोस. चौथी नोटीस येईल."

"येऊ दे, अण्णा. पण तिच्यात हे आसन रिकामं दिसलं पाहिजे."