कावळा शिवेपर्यंत

कोलशेतला बाबांचं वर्षश्राद्ध होतं. गच्चीवर कावळ्याला पान ठेवून आम्ही सगळे आभाळाकडे बघत होतो. आता चारी बाजूंना टॉवर, कावळा यायचा कुठून? तो शिवल्याशिवाय आमच्यात कोणी जेवत नाय. साडूच्या पोरांनी कधीच चिप्सची पाकिटं फोडलेली. भावाची सान्वी, एवढीशी पोर, पण भिंतीला टेकून गप बसलेली. "बघा, याला वळण म्हणतात!" आई कौतुकानं बोलली. तेवढ्यात वहिनी जिना चढून आली. "आई, हिला मी शुगरचं इंजेक्शन देऊन खाली गेलेले. लगेच भरवा बोललेले ना?" "अगं, तीच बोलली, कावळ्यासाठी थांबते." वहिनीनं पोरीला हात लावला. अंग गार, घामानं ओलंचिंब. "साखर आणा!" ती किंचाळली. मी मूठभर साखर घेऊन धावलो. "खा गं बाय, आजोबा नाय रागवायचे." सान्वीनं डोळे न उघडता ओठ घट्ट मिटून घेतले.