दाराखालची फट

तिसऱ्या खेपेलाही दार उघडलं नाही. पिशवीताईने बेल दाबली, थोडं थांबून कडी वाजवली आणि आपण कोण ते पुन्हा एकदा सांगितलं.

"बरं चाललंय आमचं," आतून बाईचा आवाज आला. "तुम्ही उगीच हेलपाटे घालू नका."

लहान मुलं असलेल्या घरी जायचं, आईची विचारपूस करायची, तासभर मूल सांभाळून तिला उसंत द्यायची, हे पिशवीताईचं काम. खांद्याला कायम खेळण्यांची पिशवी, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव आता ऑफिसातही रुळलं होतं. ऑफिसचा नियम साधा होता. तीन खेपांत दार उघडलं नाही, तर 'मदतीची गरज नाही' असं लिहून फाइल बंद करायची. ज्याला गरज असते तोच दार लावून बसतो, हे नियम करणाऱ्याला कोण सांगणार?

समोरच्या दारात आजोबा पेपर घेऊन उभे होते. "ती कोणालाच उघडत नाही हो. नवरा बोटीवर, सहा-सहा महिने येत नाही. मीटर बघणारासुद्धा हात हलवत गेला."

"मीटरवाल्याला घाई असते, आजोबा. मला नाही," असं म्हणून ती दारासमोर फरशीवरच बसली. खरं तर घाई तिलाही होती. पाचच्या आत फाइल द्यायची होती.

तेवढ्यात दाराखालच्या फटीतून चार चिमुकली बोटं बाहेर आली. तिने त्यांना हळूच बोट लावलं. आत खुदकन हसू फुटलं.

पिशवीतलं काही त्या फटीतून जाईना. बाहुली जाड, चेंडू त्याहून जाड. गेला तो फक्त लाल खडू. कागद म्हणावा तर जवळ एकच, ऑफिसचा फॉर्म. तो घरात बसून, आईला विचारून विचारून भरायचा असतो. पण आता कुठलं घर आणि कुठलं विचारणं! तिने मागची कोरी बाजू वर करून तो आत सरकवला.

कागद परत आला तेव्हा त्यावर एक वेडावाकडा गोल होता. तिने पेनाने त्याला कान काढले. आतून शेपटी आली. तिने मिशा काढल्या. आतून दुसरी शेपटी आली.

"दोन महिन्यांत पहिल्यांदा हसताना ऐकलं पोरीला," आजोबा म्हणाले.

"पुरे गं आता," आतून आई म्हणाली. छोटी पावलं दूर गेली. कागद काही परत आला नाही.

पिशवीताईने वाट पाहिली. आजोबांचा पेपर वाचून संपला, ते आत गेले. फॉर्मही गेला, आता 'गरज नाही' असं लिहायचं तरी कशावर, असं वाटून तिला हसू आलं, आणि मग वाईटही वाटलं. गुडघ्यांवर हात टेकत ती उठली. "येते हं ताई," ती दाराला म्हणाली.

तेव्हा फटीतून कागद बाहेर आला. दोन शेपट्यांचा उंदीर तसाच होता. तिने कागद उलटला. छापील प्रश्नांपुढे त्याच लाल खडूने, मोठ्या माणसाच्या अक्षरात उत्तरं लिहिली होती.

मुलीचं वय: दोन वर्षं दहा महिने.

झोप पुरेशी होते का: तिची होते.

अडीअडचणीला हाक मारता येईल असं जवळचं माणूस: दाराबाहेर बसलंय.

पिशवीताई पुन्हा खाली बसली.